इंजिन बदलायचं की बांधायचं? आधी ते खरंच गेलंय का ते बघू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १४ वर्षांचा रायडिंग मोअर (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र), एक सिलिंडरचं १७.५ हॉर्सपॉवरचं उभ्या शाफ्टचं इंजिन, मीटरवर ६२० तास. गेल्या हंगामापासून निळा धूर, तेल सारखं घालावं लागतंय, आणि दाट गवतात शिरलं की इंजिन बसतं. एका मेकॅनिकने सांगितलं की इंजिन संपलं, नवीन टाका. मेहुणे म्हणतात पिस्टनच्या रिंगा नव्या टाकल्या की झालं. आता ऐकायचं कोणाचं, असं तुम्ही विचारताय.

तुमच्या लिहिण्यातून मला एवढंच दिसतं की दोघांपैकी कोणीच अजून इंजिन उघडलेलं नाही.

‘बदलू की बांधू’ (बांधणं म्हणजे जुनंच उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडणं) हा खरं तर दुसरा प्रश्न. त्याच्या आधी ‘नेमकं काय गेलंय’ हे कळायला हवं. आणखी एक गोष्ट लोक इंजिनाच्या नादात विसरतात: हे इंजिन ज्या गाडीवर बसणार आहे, ती गाडी अजून किती वर्षं चालेल? मी पंचवीसहून जास्त वर्षं ही छोटी इंजिनं उघडतोय. ‘इंजिन गेलं’ म्हणून माझ्याकडे आलेली बरीच यंत्रं इंजिन न बदलता आणि न बांधताही कामाला लागली आहेत. म्हणून आधी त्याबद्दलच सविस्तर लिहितो, कारण तुमचे पैसे वाचण्याची सगळ्यात मोठी शक्यता तिथे आहे.

निळा धूर म्हणजे तेल जळतंय. ते सिलिंडरमध्ये कुठून येतंय हे धूर सांगत नाही. उद्या सकाळी इंजिन गार असताना यंत्र सपाट जागी उभं करा आणि डिपस्टिक बघा. तेल वरच्या खुणेच्याही वर असेल तर तो थेंब नाकाजवळ न्या. पेट्रोलचा वास आला आणि बोटांत चोळल्यावर तेल पाण्यासारखं सरकलं, तर कार्ब्युरेटरमधली, पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाहीये. रात्रभर पेट्रोल थेंबथेंब सिलिंडरमध्ये आणि तिथून रिंगांच्या फटीतून खाली तेलात जातं. असं इंजिन ढगासारखा धूर सोडतं आणि ताकदही जाते. इलाज म्हणजे सुई आणि तिची सीट बदलणं, तेल बदलणं आणि पेट्रोलच्या नळीत एक बंद करायचा कॉक बसवणं. तुमचं तेल कमी होतंय म्हणता, त्यामुळे तुमच्याकडे हा प्रकार नसावा, तरी बघाच. आणि तसं निघालं तर तेल बदलेपर्यंत इंजिन पुन्हा सुरू करू नका. पेट्रोल मिसळलेलं तेल कनेक्टिंग रॉडला वंगण देऊ शकत नाही. आज किरकोळ असलेला दोष दहा मिनिटांत खरोखरच इंजिन संपवू शकतो.

दुसरी जागा ब्रीदरची. क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या पेटीतला) दाब बाहेर सोडणारी ती एक साधी झडप असते. ती चिकटली किंवा वाकली की आत दाब साठतो आणि तेलाची वाफ नळीतून थेट कार्ब्युरेटरकडे ढकलली जाते. एअर फिल्टरचं झाकण उघडून बघा. आत तेलाने ओलं झालेलं असेल तर ब्रीदर काढून तपासा.

तिसरी जागा हेड गॅस्केटची (सिलिंडर आणि त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्या मधली पट्टी), आणि तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. या प्रकारच्या इंजिनांत सिलिंडरच्या शेजारूनच पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची) पोकळी वर जाते. दोघांच्या मधे धातूची जेमतेम बोटाच्या रुंदीची पट्टी. वर्षानुवर्षं गवताचा भुसा पंख्याच्या कव्हरखाली साठतो, सिलिंडर गार ठेवणाऱ्या त्याच्या बाहेरच्या पात्या बुजतात, इंजिन तापतं आणि गॅस्केट नेमकं त्या अरुंद जागी फुटतं. मग जळालेल्या वायूचा दाब पुशरॉडच्या पोकळीतून क्रँककेसमध्ये उतरतो, ब्रीदरला तो झेपत नाही, आणि तेल कार्ब्युरेटरच्या वाटेने परत सिलिंडरमध्ये येतं. लक्षणं बघा: निळा धूर, तेल कमी, ताकद कमी. रिंगा गेल्यावर जे दिसतं, अगदी तेच. बाहेरून बघणारा माणूस ‘रिंगा गेल्या’ म्हणणार आणि त्यात त्याची फारशी चूकही नाही. पण हेड काढलं की सिलिंडरपासून पुशरॉडच्या भोकापर्यंत काळी, काजळी धरलेली वाट गॅस्केटवर स्पष्ट दिसते. एकदा बघितलीत की पुन्हा विसरणार नाही. गॅस्केट, हेडची सपाटी तपासणं, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) आणि सिलिंडरच्या पात्यांची सफाई, एवढं दिवसभराचं काम. इंजिन उतरवायचीही गरज नाही.

तुम्ही विचाराल, कॉम्प्रेशन तपासलं तर कळणार नाही का? इथे एक गोम आहे. या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर डीकॉम्प्रेसर असतो. स्टार्टर हळू फिरत असताना तो एक व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, म्हणजे इंजिन सहज फिरावं. त्यामुळे चांगल्या इंजिनातही कॉम्प्रेशन गेज कमीच आकडा दाखवतो, आणि तो आकडा बघून लोक चांगलं इंजिन भंगारात काढतात. त्याऐवजी लीक-डाऊन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती टक्के गळते ते गेजवर बघा. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणायचा, फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून घट्ट धरायचा, कारण हवेचा दाब आत गेला की इंजिन झटक्याने फिरू बघतं, आणि स्पार्क प्लगच्या भोकातून हवा सोडायची. त्याआधी बॅटरी काढून ठेवा आणि गवत कापणाऱ्या पात्यांचा क्लच सुटलेला आहे ना ते बघा. मग कान लावून ऐका. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल घालायच्या तोंडातून आली तर रिंगा. फक्त शेवटच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा: वर सांगितलेल्या ठिकाणी फुटलेलं गॅस्केटही हवा त्याच तोंडातून बाहेर काढतं. थोडी हवा तर नव्या इंजिनातही तिथून येते. माझा अंदाज असा की गळती २० टक्क्यांच्या आत असेल तर रिंगांना दोष देऊ नये, ३० च्या पुढे गेली तर हेड उघडावंच.

व्हॉल्व्ह गळत असतील तरी लगेच घाबरू नका. आधी टॅपेटची फट फिलर गेजने मोजा. ती बहुतेक अशा इंजिनांत ०.१ ते ०.१५ मि.मी.च्या आसपास असते, पण आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच धरा. फट वाढली की डीकॉम्प्रेसर काम करत नाही आणि स्टार्टर अडखळतो. अशी इंजिनं बॅटरी बदलून, स्टार्टर बदलून शेवटी ‘जाम झालं’ म्हणून आलेली मी पाहिली आहेत.

आता समजा हेड काढलं आणि गॅस्केट शाबूत निघालं. मग पिस्टन खाली नेऊन बोअरकडे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीकडे, टॉर्चने बघा. भिंतीवर होनिंगच्या (दगडाने बारीक घासण्याच्या) तिरप्या रेघा अजून दिसत असतील तर बोअरला आयुष्य आहे. भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली असेल, वरच्या कडेला नखाला अडकणारा काठ लागत असेल किंवा उभे ओरखडे असतील, तर नुसत्या रिंगांनी भागणार नाही. मेहुण्यांना एवढंच सांगा की झिजलेल्या, लांबट झालेल्या बोअरमध्ये नव्या गोल रिंगा बसत नाहीत. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर मी तसं केलं होतं. महिन्याभरात धूर परत आला आणि ते सगळं काम मला पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून बोअर मोजल्याशिवाय मी रिंगा मागवत नाही. मोजायचं तर वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी काटकोनात दोनदा. मूळ मापापेक्षा साधारण ०.०८ मि.मी.ने मोठा झाला असेल तर सिलिंडर आतून कापून (बोअर करून) ओव्हरसाईज, म्हणजे मोठ्या मापाचा पिस्टन टाकायचा. तुमच्या इंजिनासाठी ओव्हरसाईज पिस्टन मिळतो का हे आधी पार्ट नंबरने पक्कं करा. सगळ्यांना मिळत नाही, आणि तो मिळत नसेल तर बांधायचा विचार तिथेच संपतो.

कार्ब्युरेटरच्या मागचं इनटेकचं तोंडही पुसून बघा. तिथे करडी, किरकिरीत धूळ लागली तर इंजिन धुळीने मेलंय. फिल्टर फाटलेला असेल किंवा नीट बसलेला नसेल. धूळ पिस्टन, रिंगा, बोअर, व्हॉल्व्हच्या गाइड सगळं घासते, आणि तेलात मिसळून खालची बेअरिंगंही. अशा इंजिनात एक भाग बदलून उपयोग नसतो, कारण बाकीचे त्याच वाटेवर असतात. धुळीचं इंजिन बांधायच्या मी सहसा विरोधात असतो.

बोअर ठीक असो वा नसो, माझा निर्णय शेवटी क्रँकपिनवर ठरतो, म्हणजे क्रँकशाफ्टच्या ज्या भागावर कनेक्टिंग रॉड फिरतो त्यावर. या इंजिनांत कनेक्टिंग रॉड अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि बहुतेकांत वेगळं बेअरिंग नसतं, रॉडच थेट क्रँकपिनवर फिरतो. तेल कमी पडलं की अ‍ॅल्युमिनियम वितळून पिनवर सारवल्यासारखं चिकटतं. खालचं झाकण उघडून रॉडची टोपी काढा. पिनवरून नख हळूच फिरवा. चकचकीत गुळगुळीत लागली, नख कुठे अडकलं नाही, तर मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. दोन्ही मापं जवळपास सारखी आणि मॅन्युअलच्या हद्दीत असतील तर तुमच्याकडे बांधण्याजोगं इंजिन आहे. वर चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम असेल तर बारीक एमरीच्या पट्टीने ते हलक्या हाताने काढून मग मोजा; पुष्कळदा खालची पोलादी पिन शाबूत निघते आणि नव्या रॉडवर काम भागतं. पण पिनवर खोल चरे असतील, ती निळसर पडली असेल किंवा अंडाकृती झाली असेल, तर क्रँक ग्राइंड करून अंडरसाईज रॉड टाकावा लागेल, तोही मिळत असेल तर. नाहीतर नवा क्रँकशाफ्ट. नवा क्रँक, रॉड, पिस्टन, रिंगा, गॅस्केट सेट यांची बेरीज करून बघा. ती बहुतेक वेळा तयार शॉर्ट ब्लॉकच्या (क्रँक, रॉड, पिस्टन बसवून मिळणाऱ्या ब्लॉकच्या) किमतीजवळ जाते, आणि अजून मजुरी बाकी असते. त्या ठिकाणी मी बांधायचं नाव घेत नाही. रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असेल तर प्रश्नच मिटला.

थोडक्यात इथपर्यंतचं: गॅस्केट, ब्रीदर, सुई किंवा टॅपेट यातलं काही निघालं तर तेवढंच करा आणि इंजिनाला हात लावू नका. बोअर बरा आणि क्रँकपिन शाबूत असेल तर होनिंग, रिंगा, लागला तर रॉड, आणि व्हॉल्व्ह लॅप करून (बैठकीवर घासून बसवून) बांधा. क्रँक गेला किंवा धूळ सगळीकडे फिरली असेल तर बदला.

पण बदलायच्या आधी गाडीकडे बघा. दोनच ठिकाणं महत्त्वाची मानतो. पहिलं ट्रान्समिशन. तुमचं हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारं) असेल तर अर्धा-पाऊण तास गवत कापून तेल पूर्ण तापू द्या आणि मग एखाद्या सौम्य चढावर न्या. गार असताना झपकन चढणारी गाडी तापल्यावर रांगायला लागली तर ट्रान्समिशन थकलंय. घरगुती यंत्रांतली ही युनिट्स बहुधा सीलबंद असतात, काहींना तेल काढायचा बोल्टसुद्धा नसतो, आणि अख्खं युनिट बदलायला इंजिनाच्या तोडीचा खर्च येतो. दुसरं ठिकाण पात्यांचं कवच, म्हणजे डेक. खालून स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, विशेषतः पाती फिरवणारे स्पिंडल बसतात त्या जागी. टोक आत गेलं तर तो पत्रा गंजून संपलाय. बेल्ट, बेअरिंग, टायर, बॅटरी ही खर्चाची बाब आहे खरी, पण ती सुटीसुटी बदलता येते, तिच्यामुळे मी निर्णय फिरवत नाही. ट्रान्समिशन आणि डेक दोन्ही गेले असतील तर नवं इंजिन त्यावर बसवू नका, मग ते कितीही स्वस्तात मिळो.

नवं इंजिन घ्यायचं ठरलं तर हॉर्सपॉवर बघून घेऊ नका. जुन्याच्या कव्हरवर किंवा रॉकर कव्हरवर मॉडेल, टाइप आणि कोड असे आकडे ठोकलेले असतात, ते उतरवून घ्या. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं असेल तर कोडच्या सुरुवातीच्या सहा आकड्यांत बनवल्याचं वर्ष, महिना आणि दिवस असतो. १००४ ने सुरू होणारा कोड म्हणजे २०१० चा एप्रिल. मग शाफ्ट मोजा. बहुतेकांचा व्यास १ इंच, म्हणजे २५.४ मि.मी. असतो, मोठ्या जुळ्या सिलिंडरच्या काही इंजिनांचा १⅛ इंच. बसायच्या बैठकीपासून टोकापर्यंतची लांबी, चावीची खाच, टोकाच्या बोल्टचे आटे, सगळं जुळायला हवं, कारण त्याच शाफ्टवर गाडी चालवायची पुली आणि पात्यांचा क्लच बसतो. लांबी थोडी जरी वेगळी आली तरी बेल्ट तिरका धावतो आणि एका हंगामात फाटतो.

विजेकडेही नीट बघा, कारण तिथे मी सगळ्यात जास्त चुका दुरुस्त केल्या आहेत. काही इंजिनांचा अल्टरनेटर बॅटरीसाठी जेमतेम ३ अँपियर देतो, काहींचा १५-१६. तुमच्याकडे पात्यांचा इलेक्ट्रिक क्लच असेल तर तोच चारेक अँपियर घेतो. कमी क्षमतेच्या अल्टरनेटरवर तो चालवला तर बॅटरी हळूहळू उतरते आणि पाती आपोआप थांबायला लागतात. तसंच स्पार्क प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची, इंजिन बंद करायची तार फक्त ग्राउंडला जोडली जाते. कनेक्टर जुळत नाही म्हणून अंदाजाने तारा जोडताना तिच्यात १२ व्होल्ट गेले तर नवी कॉइल जागच्या जागी जळते. तारेचा रंग सारखा आहे म्हणून तिचं कामही तेच असेल असं धरू नका, मीटर लावून तपासा.

वापरलेलं इंजिन स्वस्तात मिळतं म्हणून घ्यायचा मोह होईल. सुरू होऊन छान आवाज आला यावरून त्याचा क्रँकपिन कसा आहे ते कळत नाही. ते एखाद्या डेक गंजलेल्या, पण इंजिन चालू असलेल्या गाडीवरून तुमच्यासमोर उतरवलं जात असेल, आणि तेल-फिल्टर नीट सांभाळलेले दिसत असतील, तर विचार करा. नाहीतर तुमचं आजचं कोडं पैसे देऊन पुन्हा विकत घेतल्यासारखं होईल.

इंजिन उतरवताना खालची पुली गंजून शाफ्टला धरलेली सापडेल. तिच्यावर किंवा शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका. तो घाव थेट क्रँकच्या बैठकीवर बसतो, आणि बांधण्याजोगं इंजिन तिथेच निकामी होतं. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, शाफ्टचा उघडा भाग एमरीने साफ करा आणि पुलर लावून हळूहळू खेचा.

बांधायचं ठरलं तर दोन गोष्टींत तडजोड नको. रॉडचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलच्या आकड्यावर. आणि कॅम व क्रँकच्या गिअरवरच्या खुणा समोरासमोर आल्यात याची झाकण लावण्यापूर्वी दोनदा खात्री. होनिंगनंतर बोअर गरम पाणी आणि साबणाने धुवा, पांढरं फडकं पुसल्यावर पांढरंच राहीपर्यंत, आणि लगेच तेल लावा. पेट्रोलने पुसून होनिंगची भुकटी निघत नाही, ती रेघांत बसून राहते आणि नव्या रिंगा खाते.

तुमच्या जागी मी असतो तर या क्रमाने गेलो असतो. आधी डिपस्टिक आणि ब्रीदर. मग पंख्याचं कव्हर काढून सिलिंडरच्या पात्या साफ आणि लीक-डाऊन. मग हेड. ६२० तास हे अशा इंजिनाला कमी नाहीत, पण तेल वेळेवर बदललं असेल तर त्या तासांत रिंगा संपायलाच हव्यात असंही नाही. म्हणून माझा कल गॅस्केटकडे आहे. गॅस्केट फुटलेलं निघालं तर ट्रान्समिशन तपासायचीही आज घाई नाही, काम करून हंगाम काढा. गॅस्केट शाबूत निघालं तर खालचं झाकण उघडायच्या आधी गाडी तापवून चढावर नेण्याची चाचणी करायला हवी होती असं वाटेल, म्हणून हेड काढण्यापूर्वीच ती उरकून घ्या. इंजिन धूर सोडत असलं तरी त्या चाचणीपुरतं चालेल, फक्त तेलाची पातळी आधी भरून घ्या.

हेड उघडल्यावर गॅस्केटचा दोन्ही बाजूंनी आणि बोअरचा वरून फोटो काढा. खाली जायची वेळ आली तर क्रँकपिनची दोन दिशांची मापं लिहून ठेवा. ती इथे टाकलीत तर पुढचं नेमकं सांगता येईल. तोपर्यंत नव्या इंजिनाची ऑर्डर देऊ नका आणि रिंगाही मागवू नका.